मदत हवी आहे: फोर्ड मॉडेल टी, मागच्या अ‍ॅक्सलचे थ्रस्ट वॉशर

१९२४ ची मॉडेल टी. डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) दोन्ही बाजूंचे, बाजूचा दाब झेलणारे बॅबिटचे (मऊ मिश्रधातूचे) थ्रस्ट वॉशर तडकून चुरा झालेत, चुरा तेलात मिसळलाय. वॉशर गेला की क्राउन (डिफरन्शियलवरचा मोठा गिअर) त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरपासून, म्हणजे पिनियनपासून, दूर सरकतो, आणि पायाचा ब्रेक गिअरबॉक्समध्येच असल्याने तो चाकांपर्यंत पोचत नाही; गाडी थांबवायला मागच्या चाकांच्या कमजोर हातब्रेकशिवाय काही उरत नाही. म्हणून बॅबिट पुन्हा नकोच, ब्राँझचे बसवतोय.

क्राउन-पिनियनमधला बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.००८ इंचाच्या आसपास हवाय. पण हाउसिंगचे (अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या कवचाचे) बोल्ट पूर्ण आवळले की मधला कागदी गॅस्केट दबतो आणि माप बदलतं. जाडी जुळवायला ब्राँझ वॉशर घासावा, की त्याला लागून असलेल्या स्टील वॉशरमागे शिम (पातळ पत्र्याची चकती) घालावा? शिम घातल्यास हाउसिंगमधल्या पिना स्टील वॉशरला पुरेशा धरतील का? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया मापांसकट सांगा.