27 तारांची हार्प: लिव्हर सगळीकडे लावावेत की निवडक तारांवर?

तारा_सोलापूर
नमस्कार. मी शेळगीत राहते, घरी हार्मोनियम शिकवते. मावसबहीण आयर्लंडहून कायमची परत आली तेव्हा तिने तिची 27 तारांची नायलॉनची हार्प मला दिली. खालचा सा पांढरी एकचा (हार्मोनियमच्या पट्टीप्रमाणे), वर चौथ्या सप्तकातल्या धैवतापर्यंत. लिव्हर (तारेचा स्वर चढवणारी छोटी कळ) एकही नव्हता. यमन वाजवून झाला आणि भैरव घ्यायचा म्हटलं की रे, म, ध मिळून बारा तारा उतरवायच्या. तोवर मुलगी तानपुरा बंद करून उठलेली असते.

मागे ऑनलाइन सहा लिव्हर मागवले, सगळे एकाच मापाचे आले. जाड तारांवर नीट बसले. बारीक तारेवर स्वर चढतो, पण खरखरतो. आता पूर्ण संच घ्यायचाय. ट्रुइट, लव्हलँड, कॅमॅक अशी कंपन्यांची नावं वाचली. खर्च बघता सगळ्या 27 तारांना लिव्हर लागतीलच का? सा आणि प तर अचल आहेत, कोमल-तीव्र होतच नाहीत.

कोमल_रिषभ
ताई, तुमचा विचार बरोबर दिशेने चाललाय. लिव्हर तार अर्ध्या स्वराने चढवतो, उतरवत नाही. म्हणून रे, ग, ध, नी कोमल आणि म शुद्ध जुळवून ठेवा. सगळे लिव्हर खाली, की भैरवी. रे चढवला की आसावरी, त्यावर ध चढवला की काफी, मग ग, मग नी, शेवटी म: खमाज, बिलावल, कल्याण. तोडी, पूर्वी, मारवा, भैरवसुद्धा याच पाच स्वरांत बसतात. सा आणि प यांच्या चार-चार तारा सोडल्या तर 19 लिव्हरांत दहाही थाट, म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच.

तारा_सोलापूर
हे कागदावर मांडून पाहिलं आणि अंगावर काटा आला! पण मुलीचा सा काळी चारचा आहे.

कोमल_रिषभ
मग 27 घ्या. काळी चारला सा धरलात की आजची धैवताची तार सा होते, ग ची तार प होते, आणि ज्या तारा तुम्ही अचल म्हणून सोडणार होतात त्याच ग आणि नी होतात. म्हणजे त्यांनाच लिव्हर हवा.

पांढरी एकलाही प च्या तारेवर लिव्हर असणं सुखाचं. ललितमध्ये दोन्ही मध्यम लागतात आणि प वर्ज्य. प ची तार अर्धा स्वर उतरवून ठेवली की तिथे तीव्र म मिळतो, आणि इतर रागांसाठी लिव्हर चढवला की परत प. मी गेली चार वर्षं अशीच वाजवतोय.

मायक्रोमीटरवाला
ताई, माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूमच्या सुट्या भागांचं वर्कशॉप आहे. भावाच्या हार्पला मीच लिव्हर बसवले. कंपनी कोणती हे नंतर ठरवा, आधी मोजा. प्रत्येक तारेची जाडी, आणि तार व मानेचं लाकूड यांच्यातलं अंतर. लिव्हर तारेच्या जाडीप्रमाणे वेगवेगळ्या मापांत येतात. तुमची खरखर त्याचीच आहे, मोठ्या मापाची पकड बारीक तारेला घट्ट धरत नाही. नायलॉन दाबलं की चपटं होतं, तेव्हा मायक्रोमीटर हलक्या हाताने लावा. तारांचा संच बदलायचा मनात असेल तर तो आत्ताच बदला, नाहीतर ही सगळी मापं वाया.

जागेचा हिशोब असा: वरच्या पिनेपासून तारेच्या बोलत्या (कंप पावणाऱ्या) लांबीच्या साधारण 5.6 टक्के. 60 सेंटिमीटरच्या तारेला 3.4 सेंटिमीटर, 10 सेंटिमीटरच्या तारेला जेमतेम साडेपाच मिलिमीटर. त्या छोट्या तारेवर एक मिलिमीटर चुकलात तर स्वर अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाचव्या भागाने ढळतो. शिवाय लिव्हर तार दाबतो, ताण वाढतो, म्हणून खरी जागा हिशोबापेक्षा जराशी वर येते. स्क्रू खाचेच्या मधोमध घ्या, म्हणजे पुढेमागे सरकवायला वाव राहतो.

संच मागवण्याआधी तीनच लिव्हर मागवा: सगळ्यात जाड तारेचा, मधल्या तारेचा, सगळ्यात बारीक तारेचा. चढवल्यावर तार बाजूला ओढली जाता कामा नये, उतरवल्यावर लिव्हर तारेला शिवता कामा नये. मानेला भोक पाडायचं ते यानंतर. लाकडात एकदा पडलेलं भोक बुजत नाही.

तारा_सोलापूर
काका, मनापासून आभार. पाच तारा जुन्या झाल्यात, त्या या आठवड्यात बदलते. ताणून स्वरात स्थिर झाल्या की हार्प रिक्षात घालून तुमच्याकडे आणते. पहिले तीन लिव्हर तुमच्यासमोरच बसवू. मुलगीही येईल, तिला काळी चारवर ललित ऐकायचाय.