मदत हवी आहे: बॅडमिंटन प्रशिक्षक बहिणीसाठी अमेरिकेचे ईबी-१ए की ईबी-५?

नमस्कार. माझी धाकटी बहीण २६ वर्षांची आहे. ती भारताकडून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा खेळली आहे आणि राष्ट्रीय स्पर्धांत तिला पदकेही मिळाली आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली दोन वर्षे ती पुण्यात मुलांना शिकवते. आता न्यू जर्सीतील एका अकादमीने तिला प्रशिक्षक म्हणून बोलावले आहे आणि तिला तिकडेच कायमचे स्थायिक व्हायचे आहे. त्यासाठी शिरूर तालुक्यातील वडिलोपार्जित जमीन विकून ईबी-५ची (अमेरिकेत गुंतवणूक करून ग्रीन कार्ड मिळवण्याच्या योजनेची) गुंतवणूक करायची, असे वडिलांनी जवळजवळ ठरवले आहे. जमीन एकदा गेली की परत येत नाही, म्हणून त्याआधी तिच्या खेळातील कामगिरीवर काय मिळू शकते ते नीट तपासावे, असे मला मनापासून वाटते.

मी जे वाचले त्यानुसार खेळाडूंचा पी-१ए व्हिसा सुरुवातीला पाच वर्षांपर्यंत मिळतो, पण तो स्पर्धा खेळण्यासाठी असतो. केवळ प्रशिक्षण देण्यासाठी तो चालत नाही. ओ-१ए हा असामान्य कर्तृत्व असलेल्यांचा व्हिसा प्रशिक्षकालाही मिळू शकतो, मात्र तो तात्पुरताच असतो आणि त्यासाठी अर्ज अमेरिकेतील मालकाने किंवा एजंटाने करावा लागतो. ई-२ हा गुंतवणूकदारांचा व्हिसा तर भारतीय नागरिकांना मिळतच नाही, कारण त्यासाठी लागणारा करार भारत आणि अमेरिका यांच्यात नाही.

ग्रीन कार्डासाठी ईबी-१एचा, म्हणजे असामान्य कर्तृत्वाच्या आधारावरचा अर्ज तिला स्वतःच करता येईल. ऑलिंपिक पदकासारखा मोठा सन्मान नसेल, तर दहापैकी किमान तीन निकष पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतर अधिकारी सगळ्या पुराव्यांचा एकत्रित विचार करतात. आमची खरी अडचण मात्र वेगळी आहे. खेळणे आणि शिकवणे ही तेथे एकच गोष्ट मानली जात नाही. खेळाडू म्हणून नाव अलीकडचे असावे आणि प्रशिक्षक म्हणूनही ते राष्ट्रीय पातळीवर टिकलेले दिसावे, अशी अपेक्षा असते. तिच्या हाताखालची दोन मुले राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचली आहेत. एवढे पुरेल का?

ईबी-५ची किमान रक्कम २०२२च्या कायद्यानुसार ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागातील प्रकल्पासाठी ८ लाख डॉलर आणि इतरत्र १० लाख ५० हजार डॉलर आहे. दहा पूर्णवेळ नोकऱ्या निर्माण व्हाव्या लागतात आणि पहिले ग्रीन कार्ड दोन वर्षांचे, सशर्त असते. गुंतवणूक खऱ्या अर्थाने जोखमीत असावी लागते, परतीची हमी असेल तर ती ग्राह्य धरली जात नाही. तरीही येथील एका सल्लागाराने वडिलांना पैसे नक्की परत मिळतील असे सांगितले, तेव्हापासून मला झोप नाही. शिवाय पैशाचा उगम कागदोपत्री दाखवावा लागतो. सातबारा, फेरफार आणि खरेदीखत आमच्याकडे आहे, परंतु १९९८ साली आजोबांनी शेजारचा जो तुकडा घेतला, त्याचा काही भरणा रोखीने झाला होता.

ज्यांनी स्वतः यातून वाट काढली आहे, त्यांना मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रशिक्षक म्हणून ईबी-१ए मंजूर झालेल्यांनी शिष्यांच्या निकालांखेरीज कोणते पुरावे जोडले होते? आधी ओ-१एवर जाऊन तेथे दोन-तीन वर्षे काम केल्यावर ईबी-१एचा अर्ज करणे अधिक शहाणपणाचे ठरले का? आणि जमीन विकून ईबी-५ केलेल्या कुटुंबांनी, एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात हे लक्षात घेता, रक्कम कशी पाठवली? वडिलांनी मुलीला बक्षीसपत्राने पैसे दिले असतील, तर जुन्या रोख व्यवहाराबद्दल विचारणा झाल्यावर त्यांनी काय कागद दिले?