पॅलेस्टाईनवर सेमिनार आहे, युद्ध सोडून काय वाचू?

जुळेसोलापूरकर:
एमए समाजशास्त्राला आहे, सोलापुरातच. सेमिनारला पॅलेस्टिनी समाज हा विषय घेऊन बसलो आणि आता डोक्याला ताप झालाय, काहीही शोधलं की बॉम्ब, सीमा, करार हेच येतंय. मला लग्नं, भावकी, वाटण्या असलं पाहिजे. मॅडम म्हणल्या एथ्नोग्राफी बघ. कुणी तिथल्या गावात नीट राहून अभ्यास केलाय का?

सातरस्ता_वाचक:
केलाय की. अर्तासपासून सुरू कर, बेथलेहेमजवळचं गाव आहे. हिल्मा ग्रानक्विस्ट म्हणून फिनलंडची बाई १९२५ ला पॅलेस्टाईनमध्ये गेली, ती खरं तर बायबलच्या जुन्या करारातल्या बायकांचा अभ्यास करायला. तेव्हाच्या लई युरोपियन विद्वानांना तिथला शेतकरी म्हणजे बायबलच्या काळातनं उरलेला माणूस वाटायचा. हिनं गावात मुक्काम ठोकला आणि तो नाद सोडला, गावातल्या बायकांशी बोलत बसली आणि मागच्या कित्येक पिढ्यांच्या लग्नांची यादीच केली, कोण कुणाच्या घरात दिली, मेहेर (नवऱ्याकडनं लग्नात द्यायची रक्कम) किती, साटंलोटं कुठं झालं. लोक सांगायचे चुलतभावाचा मुलीवर पहिला हक्क (आपल्याकडं मामाच्या पोरीवर सांगतात तसा), पण यादीत सख्ख्या चुलत घरातली लग्नं थोडीच निघाली. सेमिनारला एवढाच मुद्दा धरलास तरी बास.

बाळीवेस_७:
आणि सगळं गोऱ्यांनीच केलं असं लिहू नको बे. डॉ. तौफिक कनान तिथलाच, बैत जालाचा, जेरुसलेमला प्रॅक्टिस करायचा. पेशंटकडनं ताईत गोळा करायचा, असे १४०० च्या वर ताईत आता बिरझैत विद्यापीठात आहेत. पीर-दर्ग्यांवर १९२७ ला मोठं पुस्तक लिहिलं, कुठल्या झाडाला चिंध्या बांधतात, कुठं नवस फेडतात सगळं आहे त्यात. १९४८ ला इस्रायल झाला त्या वेळच्या युद्धात त्याचं घर गेलं, ताईत आधीच दुसरीकडं ठेवलेले म्हणून वाचले.

होटगीरोड_ताई:
वाटण्या म्हणालास म्हणून सांगते, अ‍ॅनेलिस मूर्स वाच. डच आहेत, १९८० च्या दशकात वेस्ट बँकमधल्या नाब्लस शहराच्या भागात काम केलं. शरियतप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा मिळतो, पण खेड्यातल्या बऱ्याच बायका तो मागतच नाहीत, भावांना सोडतात. का, तर नवऱ्याशी बिनसलं, विधवा झाली तर माघारी यायला भावाचं घर लागतं. आपल्याकडं हक्कसोड करून देतात आणि मग भाऊबीजेला ताठ मानेनं माहेरी जातात, तेच गणित. मात्र सोनं वेगळं. मेहेरमधून घेतलेलं सोनं तिचं स्वतःचं, ते मोडून कुणी जनावर घेतं, कुणी नवऱ्याला घर बांधायला देतं, आणि दिलं की घरात तिचा शब्द वाढतो का, यावर मूर्सनी बरंच लिहिलंय. मला सगळ्यात भारी हेच वाटलं.

जुळेसोलापूरकर:
ताई हे एकदम कामाचं आहे. म्हणजे वाटा सोडणारी बाई बिचारी असं सरसकट नाही म्हणायचं?

होटगीरोड_ताई:
बिचारी पण नाही आणि एकदम खुशीनं पण नाही. भाऊच नाही तिचं काय, शहरातल्या श्रीमंत घरातली असली तर काय, हे वेगवेगळं बघावं लागतं. आपल्याकडच्या चार बायकांना विचार, उत्तरं चार प्रकारची येतील.

सातरस्ता_वाचक:
एक राहिलं. हे सगळं जागेवर राहिलेल्या गावांचं झालं. १९४८ ला सात लाखांच्या वर माणसं बाहेर पडली, चारशेच्या वर गावं रिकामी झाली, त्यांचं काय? त्यासाठी रोझमेरी सायिग, लेबनॉनच्या निर्वासित छावण्यांत लोकांच्या तोंडून ऐकून लिहिलेलं. छावणीत सुद्धा एका गावची माणसं एका गल्लीत, सोयरीक शक्यतो गाववाल्यांतच, नवी पिढी जिथं कधी गेली नाही त्या गावाचं नाव सांगते. पण सेमिनार वीस मिनिटांचा असेल तर अर्तास आणि नाब्लस घे, छावण्या डिझर्टेशनला ठेव, नाहीतर सगळंच अर्धवट होतंय.