मदत हवी आहे : मुलाखतींचे तुकडे वाचनालयात दाखवण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

गिरगावातल्या आमच्या छोट्या वाचनालयात 'अवघड प्रश्न कसा विचारावा' यावर एक संध्याकाळ ठरवतोय. बीबीसीच्या 'हार्डटॉक' या रोखठोक मुलाखतींच्या कार्यक्रमातले (1997 ते 2025, मुलाखतकार टिम सेबॅस्टियन, पुढे स्टीफन सॅकर) तुकडे दाखवायचे आहेत. शिवाय ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्टने 1977 मध्ये घेतलेली रिचर्ड निक्सनची मुलाखत. ज्यामुळे पद सोडावं लागलं त्या वॉटरगेट प्रकरणावर अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षाला बोलतं करायला किती चिकाटी लागते, ते त्यात दिसतं. गोड गप्पांच्या मुलाखती काय, रोज बघतोच.

प्रेक्षक बहुतेक ज्येष्ठ, भरभर इंग्रजी त्यांना झेपत नाही. यूट्यूबची आपोआप येणारी मराठी उपशीर्षकं लावून पाहिली. नावं गंडतात ते चालेल, पण नकारच गळला तर उत्तर उलटं होतं! म्हणून उपशीर्षकं आम्हीच करणार. व्हिडिओऐवजी मुलाखतीचं मराठी भाषांतर वाचून दाखवा, असं सुचवू नका. पाहुणा थांबतो, चाचरतो, तेच तर दाखवायचंय.

मुख्य अडचण कॉपीराइटची. 1957 च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थी-शिक्षकांसमोर फिल्म दाखवायला सूट आहे, पण आम्ही शाळा-कॉलेज नाही. प्रवेश मोफत, पन्नासेक माणसं, कुठेही अपलोड करणार नाही. थोडं शुल्क भरायची तयारी आहे, मोठं परवडणार नाही.

असे पाच-सात मिनिटांचे तुकडे दाखवायला कुणी रीतसर परवानगी घेतली आहे का? अर्ज नेमका कुणाकडे करायचा, आणि स्वतः केलेल्या मराठी उपशीर्षकांसाठी वेगळी परवानगी लागते का?