फिटच्या औषधाने मेंदू वाचेल?
उंदरांवरच्या प्रयोगांत फिटच्या औषधांनी मेंदूच्या पेशी वाचल्या, 'मग पक्षाघातात माणसांना फिटचं औषध लगेच का देत नाहीत?' असा प्रश्न विचारला जातो. तर्क चूक नाही. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की चेतापेशींतून ग्लुटामेट (पेशींना उत्तेजित करणारं रसायन) भसाभसा बाहेर पडतं, शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्या मरतात. ही उत्तेजना थोपवायची म्हटल्यावर फिटची औषधं आठवणारच.

पण माणसांत घोडं अडतं. फॉसफेनिटॉइन झालं, डायझेपाम झालं (दोन्ही फिटवरचीच औषधं), ठोस फायदा दिसला नाही. मग शंका आली, औषध पोचायलाच उशीर होत असेल. म्हणून लॉस एंजेलिस भागात थेट रुग्णवाहिकेतच शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट द्यायला सुरुवात केली (गरोदरपणातल्या झटक्यांवर वापरतात तेच). १७०० रुग्ण, साधारण निम्म्यांना मॅग्नेशियम आणि निम्म्यांना तुलनेसाठी बनावट औषध, बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून तासाभरात. २०१५ साली निकाल आला: तीन महिन्यांनंतरच्या अपंगत्वात फरक शून्य! उशिराची सबब तिथेच संपली, असं मी म्हणणार होतो. पण मॅग्नेशियम रक्तातून मेंदूत फार सावकाश शिरतं, तेव्हा पूर्ण संपली नाही.

याचं पक्कं उत्तर मिळेपर्यंत घरातली फिटची गोळी पक्षाघाताच्या रुग्णाच्या तोंडात कोंबू नका. अनेकदा गिळणं बिघडलेलं असतं, गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देतात, घड्याळ बघा आणि रुग्णालयाकडे निघा.