मे महिन्यातलं नागपूर अन् कॉम्प्युटरचा कस्टम लूप (पाणी फिरवून पार्ट थंड करायची स्वतः जोडलेली सिस्टिम): करावा का?

गरम_संत्रं: काल इथं एका भाऊनं टाकलं, "नागपुरात वॉटर कूलिंग म्हणजे निव्वळ शायनिंग, ४५ डिग्रीत पाणीच उकळते, सीपीयूवर पंख्याचा टॉवर कूलर लावा अन् गप्प बसा." नाही बसत गप्प. पाणी उकळत नाही राजा, ते फक्त रूमपेक्षा थंड होत नाही, अन् हाच नियम तुमच्या टॉवरलेही आहे. ४०९० ग्राफिक्स कार्ड एकटं ४५० वॉट ओढते, वरून ७९५०एक्स प्रोसेसर २३० पर्यंत जातो, अन् ही सगळी गरमी टॉवर कॅबिनेटमधेच फिरवत बसतो. मी प्लॅन करून राहिलो ते असं: ३६० मिमीचे दोन जाड रॅड (पाणी थंड करणारे रेडिएटर), डी५ पंप, रिझर्व्हायर (पाण्याची टाकी) पंपाच्या वर म्हणजे पंप कोरडा चालणार नाही, अन् फॅन पाण्याच्या टेंपरेचरवर. सीपीयूच्या टेंपरेचरवर ठेवले की ब्राउझर उघडला तरी फॅन बोंबलतात.

टॉवरवाला: तो भाऊ मीच. "उकळते" ही बोलायची पद्धत असते बे, वकिली काहून करतो? ६८० वॉट एक लिटर पाण्यात टाकले तर मिनिटाला दहाएक डिग्री चढते. म्हणजे पाणी नुसतं हमाल, शेवटी काम पंख्यालेच करा लागते. पंखा माह्याकडेही हाय.

गरम_संत्रं: पंखा आहे, रॅडएवढी जागा आहे का? कार्डले कोणता टॉवर लावतो सांग बरं!

वायरिंग_ताई: तुमचं दोघांचं भांडण चालू द्या, पण नळीचं कोणीच बोलत नाहीये. पीईटीजी (नळीचं कडक प्लास्टिक) ६० च्या आसपास नरम पडतं. रूम ४२, पाणी त्याच्या वर १२-१५, अन् रात्रभर रेंडर (व्हिडिओ-थ्रीडीचं भारी काम) लावून झोपलात तर फिटिंगमधून नळी सरकलीच समजा. डी५ लाही ६० च्या वरचं पाणी चालत नाही. ईपीडीएमची काळी रबरी नळी घ्या, बाईकच्या पाइपसारखी दिसते, दिसू द्या. अन् माझ्या भावाला बर्डीतल्या एका दुकानदारानं तांब्याच्या ब्लॉकसोबत (चिपवर बसतो, त्यातून पाणी फिरतं) ॲल्युमिनियमचा रॅड खपवला, "सेमच असते दादा" म्हणे! दोन धातू एका पाण्यात आले की गंजतात. काही महिन्यांत पाणी गढूळ, ब्लॉकच्या बारीक खाचा बुजल्या, अन् दुकानदार म्हणतो पाणीच खराब टाकलं असन.

वाळ्याची_ताटी: एवढी कटकट कशाले? रॅड बाहेर काढा, डेझर्ट कूलरसमोर ठेवा. मे मधे हवा कोरडी, ताट्यांतून येता येता दहा-पंधरा डिग्री सहज उतरते. रूमपेक्षा थंड, फुकटात.

गरम_संत्रं: अन् थेंब? आमच्याकडं बोरिंगचं पाणी, पांढरे क्षार रॅडच्या पत्र्यावर असे बसतील की खरडून काढा लागन.

वाळ्याची_ताटी: कूलर दोन हात लांब ठेवला की थेंब येत नाही. अन् दव पडन म्हणून घाबरू नका, ब्लॉक हवेपेक्षा गरमच राहते.

टॉवरवाला: जुलैत उमस सुरू झाली की कूलर नुसता घाम काढते, मंग काय करसान? अन् वाळा काहून, हनीकोंब (कागदी जाळीचा पॅड) लाव ना.

वाळ्याची_ताटी: हनीकोंबले वास येते काय? वाळा भिजला की घर कसं महकते. हनीकोंबवाल्यांनी गप्पच राहावं.

टॉवरवाला: महकते पहिला महिना, मंग कुजते. अन् पंधरा डिग्रीच्या गोष्टी ५० डिग्रीत नका सांगू.

वायरिंग_ताई: ५० कुठून आणले भाऊ? नागपूरचं रेकॉर्ड ४७.९, मे २०१३ चं. २०२४ ला ५६ दाखवणारा सेन्सर बिघडलेला निघाला, हवामान खात्यानंच सांगितलं, तरी दर उन्हाळ्यात तुमच्यासारखे फॉरवर्ड करतातच.

टॉवरवाला: वा ताई, दोन डिग्रीसाठी सत्कारच करतो तुमचा! बरं, रात्रभर रेंडर करणाऱ्यानं लूप करावा, मान्य. गेम खेळणाऱ्या पोट्ट्यानं कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणावी, फरक नावालाच पडते, अन् उरलेल्या पैशात रूमले एसी येते.

गरम_संत्रं: एसीचं बिल तू भरशील काय?

वाळ्याची_ताटी: ते राहू द्या. महाल भागात चांगला वाळा कुठं भेटते यंदा? मागच्या वर्षीच्या ताटीत अर्धं गवतच निघालं.