नव्या गाडीत रोज नवा दिवा लागतोय, मदत हवी आहे (तातडीने)

घोडबंदरी:
गाडी घेऊन दोन महिनेही झाले नाहीत. आधी स्टीअरिंगचा पिवळा दिवा, मग एबीएस (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारं), मग 'हिल होल्ड उपलब्ध नाही' (चढावर गाडी मागे सरकू न देणारं). रविवारी सकाळी तिन्ही एकदम. पातलीपाड्यापर्यंत गेलो तोवर सगळे गायब! सर्व्हिस सेंटरला दोनदा नेली. दोन्ही वेळा 'सर, काहीच दिसत नाही' म्हणत गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड पुसले आणि गाडी धुऊन परत. शनिवारी सहकुटुंब गुहागरला निघायचंय. कोणाला अनुभव असेल तर पटकन सांगा.

निवांत:
गाडी कुठली? पेट्रोल की इलेक्ट्रिक? किती चाललीय?

घोडबंदरी:
त्याने काय फरक पडतो? पेट्रोल ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

खाडीपलीकडे:
चाकाजवळचा सेन्सर. आमच्या खारघरला पावसात माझ्याही गाडीत चिखल बसला होता. प्रेशरने धुऊन घ्या, दिवे विझतील.

काका_सानपाडा:
धुऊन तर दोनदा झालीय, त्यांनी वर लिहिलंय. तीन वेगवेगळ्या सिस्टीम एकदम बोंबलतात तेव्हा तिघांत सामाईक काय ते बघावं. माझा संशय बारा व्होल्टच्या बॅटरीवर. इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज खाली गेलं की स्टीअरिंगची मोटर आणि एबीएसचं युनिट आधी कुरकुरतात. थोडं चाललं की अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) भरून काढतो, म्हणून दिवे जातात. सकाळी मल्टिमीटर लावा. बॉनेट उघडून गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबून मोजा, नाहीतर दार उघडल्यावर सगळं जागं होतं आणि आकडा चुकतो. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

जुगाडू:
एवढं कशाला? बॅटरीची काळी वायर काढा, दहा मिनिटांनी लावा. रीसेट!

काका_सानपाडा:
आणि काचा, घड्याळ, स्टीअरिंगचं सेटिंग बिघडलं तर ते कोण निस्तरणार? शिवाय कोड पुसला म्हणजे पुरावा पुसला. दिवा लागलेला असताना फोटो काढा, त्यात ओडोमीटर दिसला पाहिजे. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, 'जनरल चेकअप' चालवून घेऊ नका.

कायदेशीर_बाब:
सरळ ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला फोन लावा. नाही ऐकलं तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्ह्यात चालतात. गाडी बदलून मागा!

निवांत:
अजून बॅटरी मोजली नाही आणि हे आयोगात पोचले. घोडबंदरी, गाडी रोज चालते का? बाहेरून काही बसवलंय?

घोडबंदरी:
ऑफिसला बस आणि लोकलनेच जातो, गाडी फक्त रविवारी. बाहेरून काही नाही. हां, गेल्या महिन्यात स्टेशनजवळच्या दुकानातून डॅशकॅम बसवला, पार्किंगमध्येही रेकॉर्ड करतो तो. पण त्याचा काय संबंध?

काका_सानपाडा:
😀

खाडीपलीकडे:
अवांतर: गुहागरला जाताना कशेडीचा घाट बोगद्यामुळे टळतो. वडे मात्र आधीच खाऊन घ्या.

बाजारगेट:
घूसही बघा. आमच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंगमधल्या गाडीची वायरिंग खाल्ली होती.

घोडबंदरी:
घूस नाही. मोजली. ११.९.

काका_सानपाडा:
मग झालं. सहा दिवस उभी गाडी आणि चोवीस तास पिणारा कॅमेरा. पार्किंग मोड बंद करा, त्या दुकानवाल्याने लाईन कुठल्या फ्यूजवरून घेतलीय तेही बघून घ्या. बॅटरी चार्जरवर रात्रभर हळू चार्ज करा. सोसायटीतल्या सोसायटीत दोन फेऱ्या मारून भरत नाही ती. त्यानंतर लोड टेस्ट (भार देऊन बॅटरी टिकते का ते बघणं) करून घ्या, इतकी खाली गेलेली बॅटरी वारंटीत बदलूनही मिळू शकते. कॅमेऱ्याचं मात्र त्यांना आधीच सांगा. लपवलंत आणि त्यांना कापलेली वायर सापडली तर तुमचंच नुकसान.

जुगाडू:
म्हणजे वायर काढायचीच होती ना शेवटी?

काका_सानपाडा:
कॅमेऱ्याची, बाबा.

घोडबंदरी:
अपडेट: कॅमेरा बंद, चार्ज केली, आज सकाळी १२.५. तिन्ही दिवे गेले. पण आता टायर प्रेशरचा लागलाय! तोही खोटाच असेल ना? दुर्लक्ष करू?

निवांत:
हवा बघितली का?

घोडबंदरी:
खिळा आहे. मानपाड्याला पंक्चरवाल्याकडे उभा आहे.